भायखळ्याच्या फुटपाथवरून मानखुर्दपर्यंत: एका वस्तीच्या घराचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांचं आहे. रस्त्याचं नाव देत नाही, बायकांची नावंही देत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणी आता इमारतीत राहतात आणि त्यांच्या नातवंडांना जुना पत्ता चारचौघांत नको असेल. कोर्टाचे निकाल, सरकारी निर्णय, तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. साधारण १९८१ ते आजपर्यंतचा हा प्रवास आहे. मला यात एकच गोष्ट दाखवायचीय. जे जे सिद्ध करायचं होतं ते लोकांनी केलं, पण जमीन कुठं द्यायची हे ठरवायची वेळ आली तेव्हा शहरानं हात आखडता घेतला.

पार्श्वभूमी

भायखळा, नागपाडा, माझगाव हा सगळा पट्टा म्हणजे कामाचा पट्टा. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला गिरण्या, मधे लाकडाच्या वखारी, भंगारवाले, छोटे कारखाने, घाऊक बाजार. इथल्या फुटपाथवर कारखान्याच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीला टेकून प्लास्टिक, बांबू, पत्र्याची खोपटी उभी राहिली, आणि त्यात एकेकटी माणसं नाही तर आख्खी कुटुंबं राहायची, पोरांसकट, चुलीसकट, कोणी वीस वीस वर्षं. कोणी बिहारमधून आलेलं, कोणी दक्षिणेतून, कोणी आपल्याच मराठवाड्यातून नाहीतर नगर-सोलापूरकडून. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आलेल्यांची संख्या काही थोडीथोडकी नव्हती.

ते फुटपाथवरच का राहायचे, झोपडपट्टीत का नाही, हा प्रश्न लोक अजूनही विचारतात. उत्तर सोपं आहे. झोपडपट्टीतली खोली सुद्धा फुकट मिळत नाही, पागडी नाहीतर भाडं लागतं, आणि ती मिळते ती लांब. हमाली, हातगाडी, घरकाम, कचरा वेचणं अशा कामांत गाडीभाडं परवडत नाही, म्हणून माणूस कामापर्यंत चालत जाता येईल तिथं राहतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं प्रकरण याच्यावरच अडतं.

फुटपाथ पण फुकट नव्हता बरं का. सुप्रीम कोर्टाच्या कागदपत्रांत एका अर्जदाराची हकिगत आहे, तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला, दहिसरला केमिकल कंपनीत दिवसाला २३ रुपयांवर काम करणारा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या खोपटासाठी एका दादानं त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. म्हणजे शंभरावर दिवसांची मजुरी, आणि ती कशासाठी तर ताडपत्रीसाठी!

अडचण कुठून सुरू झाली

१३ जुलै १९८१ ला त्या वेळचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवायचं. भर पावसाळ्यात. पालिकेच्या गाड्या आल्या, खोपटी मोडली, माणसं बसमध्ये बसवली. वर सांगितलेल्या सेलमच्या माणसाला बायको-मुलींसकट गावाकडच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढं काय झालं? बायको-मुली गावी राहिल्या, तो कामासाठी परत मुंबईत आला आणि पुन्हा फुटपाथवरच्या खोपटात शिरला. सरकारनं एवढा आटापिटा करून फुटपाथ मोकळा झाला नाही, एक कुटुंब मात्र तुटलं.

प्रकरण आधी हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या नावानं ते ओळखलं जातं. १० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला, तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. निकालाला दोन बाजू आहेत आणि आपल्याकडे फक्त एकच सांगितली जाते. पहिली अशी की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचं साधन येतं, ते काढून घेतलं तर जगणंच काढून घेतल्यासारखं आहे, आणि हा देश घटनेच्या २१ व्या कलमाबद्दल ते कायमचं शिकला. दुसरी बाजू अशी की फुटपाथ चालण्यासाठी आहे, पालिकेला अतिक्रमण हटवायचा अधिकार आहे, फक्त त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हात लावू नका. म्हणजे भायखळ्याच्या बायकांच्या हातात हक्काचा निकाल पण होता आणि घर मोडायची तारीख पण.

निकालात अजून एक वाक्य आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७६ च्या झोपडपट्टी गणतीत ज्यांची नोंद झाली असेल त्या फुटपाथवाल्यांना मालवणीला किंवा सरकारला योग्य वाटेल अशा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, पण ती जागा अंतरानं मालवणीहून लांब नसावी, असं कोर्टानं लिहिलं. अंतर हा मुद्दा कोर्टाच्या लक्षात आला होता. पण माप कुठलं धरलं, तर मालाडच्या पलीकडचं मालवणी, जिथून भायखळ्याला कामाला यायचं तर बस, लोकल आणि मग पायपीट. आणि बहुतेक फुटपाथवाले १९७६ च्या गणतीत नव्हतेच, त्यामुळे ती जागा सुद्धा त्यांच्या नशिबी नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

शहराच्या बाजूनं पाहिलं तर १९८५ ला चार वाटा दिसतात.

गावी परत पाठवणं ही पहिली. ती १९८१ ला करून झाली होती आणि फसली होती, गावात काम असतं तर माणूस आलाच नसता.

दुसरी, शहराच्या टोकाला मोकळा प्लॉट देणं, मालवणीसारखा. पालिकेला स्वस्त, लोकांना महाग, कारण घर मिळतं पण काम जातं, आणि मग घर विकून माणूस परत फुटपाथवर येतो. त्यावर सरकार म्हणतं बघा यांना घर दिलं तरी विकतात.

आहे तिथंच घर बांधून द्यायचं ही तिसरी. झोपडपट्टीत हे जमतं. पुण्यात येरवड्याला पुढं केंद्राच्या योजनेतून कच्ची घरं पाडून त्याच जागी साधारण २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली, लाभार्थ्यानं खर्चाचा दहा टक्के वाटा दिला, शेजार तुटला नाही, पोरांची शाळा बदलली नाही. पण फुटपाथवर हे होऊच शकत नाही, तो रस्त्याचा भाग आहे. यात बायकांचंही दुमत नव्हतं, आम्हाला फुटपाथ नकोच आहे, घर पाहिजे, हेच त्यांचं म्हणणं होतं.

चौथी वाट म्हणजे त्याच भागात, चालत जाता येईल अशा अंतरावर थोडी जमीन काढणं. ही कोणी गंभीरपणे घेतलीच नाही. मुंबईत जमीन नाही असं एक वाक्य तेव्हाही तोंडावर फेकलं जायचं आणि आजही फेकलं जातं.

लोकांनी काय केलं

१९८४ ला स्पार्क ही संस्था सुरू झाली आणि भायखळ्यातच पालिकेच्या दवाखान्याच्या आवारात तिचं काम चालू झालं. निकाल आल्यावर फुटपाथवरच्या बायकांशी बोलून पहिलं काम ठरलं ते मोजणीचं. १९८५ ला साधारण ६,००० कुटुंबांची, म्हणजे २७,००० च्या आसपास माणसांची नोंद झाली. कुठून आलात, कधी आलात, काम काय, कामाला कसं जाता. सरकारच्या दृष्टीनं ही माणसं कागदावर नव्हतीच आणि जो कागदावर नाही त्याला हटवणं सोपं असतं, म्हणून माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. मोर्चा काढता आला असता, पुन्हा कोर्टात जाता आलं असतं, तेही चुकीचं नव्हतं. पण त्यांनी आधी यादी केली, आणि पुढची वीस वर्षं ती यादी कामाला आली.

मग १९८६ च्या सुमाराला महिला मिलन उभं राहिलं, याच बायकांची संघटना. सोबत राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना आणि तिचे जोकिन अर्पुथम होते. जोकिन स्वतः मानखुर्दकडच्या जनता कॉलनीतले, ती वस्ती १९७६ ला उठवून लोकांना चिता कॅम्पला हलवलं होतं, त्यामुळे घर मोडणं म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

रोजचं काम काय होतं? रेशनकार्ड काढणं. फुटपाथचा पत्ता चालत नाही म्हणून आधी नाही म्हणायचे, मग पाचसहा जणी मिळून ऑफिसात जायच्या, परत परत जायच्या. रोज दारोदार फिरून रुपया दोन रुपये जमेल ते बचतीचं गोळा करणं, त्यातून कोणाला आजारपणाला, कोणाला धंद्याला उसने देणं, आणि घरासाठीचे पैसे वेगळे बाजूला ठेवणं. बाहेरून बघणाऱ्याला ही किरकोळ कामं वाटतील. पण पुढं पात्र-अपात्रची यादी लागली तेव्हा रेशनकार्ड, बचतीची नोंद, मोजणीतलं नाव याच तीन गोष्टी टेबलावर ठेवायला होत्या. वकील नसलेल्या माणसाचा पुरावा असाच रुपया रुपया करून तयार होतो.

पालिकेची गाडी यायची तेव्हाही त्यांनी एक पद्धत बसवली. आधीच बोलणं करून बायका स्वतःच खोपटं उतरवून ठेवायच्या, सामान बाजूला रचायच्या, पालिकेला दाखवायला थोडाफार ढीग द्यायच्या, गाडी गेली की पुन्हा बांधायच्या. भांडी-कुंडी वाचायची, पोरं घाबरायची नाहीत, मारहाण व्हायची नाही. काहींना हे शरण जाणं वाटेल, मला तसं वाटत नाही, ज्याच्याकडे दोन पातेली आहेत त्याची दोन्ही वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

घराचा नमुना पण त्यांनीच ठरवला. साडीनं मापं घेतली, किती साड्या लांब, किती साड्या रुंद, मग बांबू-कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं करून लोकांना बघायला बोलावलं. खोलीची उंची १४ फूट आणि आत पोटमाळा, म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायला वर आणि कामाला खाली. आणि जमीन नाही म्हणता ना, म्हणून शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा घेऊन बायका मोकळ्या जागा बघत फिरल्या, कुठला प्लॉट कशासाठी राखीव आहे आणि प्रत्यक्षात तिथं काय आहे ते बघितलं. जमीन होती. ती त्यांच्यासाठी नव्हती एवढंच.

सरकार कधी हललं

१९९५ ला. शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, झोपडीवाल्यांना मोफत घरं ही घोषणा होती, त्याची योजना आखायला अफझुलपूरकर समिती बसली, डिसेंबर १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण सुरू झालं. १ जानेवारी १९९५ ही कट-ऑफ तारीख, म्हणजे त्याआधीपासून राहणाराच पात्र, आणि २२५ चौरस फुटांचं घर. आणि त्यात पहिल्यांदाच फुटपाथवर राहणाऱ्यांनाही पुनर्वसनाला पात्र धरलं गेलं. चौदा वर्षांपूर्वी ज्यांना बसमध्ये घालून गावी पाठवत होते त्यांना आता हक्काचे लाभार्थी म्हणणं, हा बदल लहान नाही. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, हेही चांगलं झालं, फुटपाथवर खोपटं बाईनंच टिकवलेलं असायचं.

पण ही योजना चालते कशावर, तर बिल्डर मूळ झोपडपट्टीच्या जागेवर उंच बांधून जादा फ्लॅट बाजारात विकतो, त्यातून मोफत घरांचा खर्च निघतो. फुटपाथवाल्यांच्या पायाखाली विकायला जमीनच नाही, मग बिल्डर कशाला येईल? म्हणजे कागदावर पात्र, पण योजनेच्या गणितात बसत नाहीत. त्यांना सरकारनंच जमीन द्यायला हवी होती, आणि सरकारनं ती दिली मानखुर्दला.

निकाल काय लागला

मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं, भायखळ्याच्या फुटपाथवरची कुटुंबं टप्प्याटप्प्यानं तिथं गेली. दाराला कुलूप, घरात नळ, आत संडास-मोरी, स्वतःचं वीज मीटर. रात्री पालिकेच्या गाडीची भीती नाही. ज्या बाईनं पावसात पोर छातीशी धरून रात्री काढल्यात तिला याची किंमत विचारा. हे यश आहे आणि ते मी कमी करून सांगणार नाही.

अडचणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. काम भायखळ्यात राहिलं. मानखुर्दहून हार्बर लाइननं डॉकयार्ड रोड नाहीतर सँडहर्स्ट रोडला उतरायचं, पास काढायचा, सकाळच्या गर्दीत चढायचं. घरकाम करणाऱ्या बाईला चार घरांची कामं धरायची असतात, त्यातली सकाळची दोन लांबून जमत नाहीत. फुटपाथवर खर्च नव्हता, इथं वीजबिल आलं, सोसायटीचा मेंटेनन्स आला. आणि भाग कुठला मिळाला? एम पूर्व वॉर्ड, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला असलेला, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा शेजार.

त्याच पट्ट्यातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा मोठ्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी २०१८ ला अभ्यास करून दाखवलं की या दोन वसाहतींत, अंधाऱ्या खालच्या मजल्यांवर, टीबीचं प्रमाण मोकळ्या बांधणीच्या शेजारच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. फुटपाथवरून, रुळांच्या कडेवरून उठवलेल्या माणसाला आपण घर दिलं आणि त्या घरात त्याला टीबी झाला तर त्याला पुनर्वसन म्हणायचं का, हे घरबांधणीचे नियम शिथिल करणाऱ्यांनी स्वतःला विचारावं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आणि मोठा मुद्दा गिरण्यांच्या जमिनीचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मुंबईत गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर, आणि त्यातल्या बऱ्याच गिरण्या भायखळा, लालबाग, परळ या भागात, म्हणजे या बायकांच्या फुटपाथपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं सांगितलं की विकास करायचा तर जमिनीचे तीन भाग करा, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. हा नियम तसाच राहिला असता तर शहराच्या मधोमध गरिबांच्या घरांसाठी दोनशे एकरांच्या घरात जमीन निघाली असती. २००१ ला नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जागेपुरती राहिली, गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून बाहेर गेली. हायकोर्टानं २००५ ला याच्या विरोधात निकाल दिला, पण मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं बदललेला नियम कायम केला. गिरणी कामगारांचा त्या जमिनीवरचा हक्क पहिला होता हे मान्यच, पण एवढ्या जमिनीत दोघांनाही जागा झाली असती. मुंबईत जमीन नाही या वाक्याचं उत्तर मला दरवेळी या एका नियमात सापडतं.

दुसरं, सगळ्यांना मालकीचंच घर हा हट्ट. फुटपाथवरच्या काही कुटुंबांना, विशेषतः हंगामी कामाला येणाऱ्यांना, कामाजवळ स्वस्त भाड्याची खोली जास्त उपयोगाची झाली असती. भाड्याच्या घरांची केंद्राची योजना आली ती थेट जुलै २०२० ला, लॉकडाऊनमध्ये मजूर चालत गावी निघाल्यावर.

तिसरं, कट-ऑफ तारीख. १९९५ ची २००० झाली, पुढं २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर मिळायची सोय आली. पण तारीख कुठलीही असो, तिच्यानंतर आलेला माणूस १९८१ च्याच जागी उभा असतो, आणि सगळा जोर पुरावा गोळा करण्यावर राहतो. भायखळ्यात बायकांची संघटना होती म्हणून पुरावा जमला. जिथं संघटना नाही, एकटी बाई आहे, मनोरुग्ण आहे, म्हातारा माणूस आहे, तिथं कागद कुठून येणार? त्यामुळे मोजणीचं काम पालिकेनं स्वतः दर दोनतीन वर्षांनी करावं, रात्री करावं, आणि मोजणीत सापडलेल्या माणसाला तिथल्या तिथं ओळखपत्र द्यावं असं मला ठामपणे वाटतं.

चौथं, निवारे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागं एक चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांच्या वर बेघर नोंदले गेले, आणि शहराची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे. प्रत्यक्षात आकडा त्याच्या जवळपासही गेलेला नाही, आणि आहेत त्यात आख्ख्या कुटुंबाला एकत्र राहता येईल असे फार कमी. नवऱ्याला एका निवाऱ्यात आणि बायको-पोरांना दुसऱ्यात ठेवलं तर ते कुटुंब तिथं जाणार नाही, फुटपाथवरच राहील, भायखळ्याचा अनुभव हेच सांगतो.

मार्च २०२३ ला हाच विषय परत मुंबई हायकोर्टासमोर आला, फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवा अशी मागणी वकिलांच्या संघटनेनं केली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांच्या खंडपीठानं तसा आदेश दिला नाही, बेघर माणसं गरीब असतील पण तीही माणसंच आहेत असं सुनावलं. हटवायचा आदेश टळला, तरी त्या माणसांसाठी फोर्टात किंवा आसपास, चालत कामाला जाता येईल अशी घरांची किंवा निवाऱ्याची जागा कोणती, हे पालिकेनं आणि सरकारनं अजून ठरवायचं आहे. तिथून थोड्याच अंतरावर पूर्व किनाऱ्यावर पोर्ट ट्रस्टची (आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीची) जुनी गोदामं आणि मोकळ्या जागा आहेत, त्यांच्या विकासाचे आराखडे चालू आहेत. त्या आराखड्यात बेघरांच्या घरांसाठी किती एकर धरलेत हा प्रश्न आत्ता, नकाशे पक्के व्हायच्या आधी, विचारला पाहिजे.